नागपुरात कुठं जेवायचं? आधी वस्ती ठरवा, मग वेळ

नागपुरात काय खावं असं कोणी विचारलं की लोक पटकन दोन नावं सांगतात, सावजी आणि संत्रा बर्फी, आणि विषय संपवतात. मला हे मनापासून खटकते. हे शहर काही एका घराण्यानं किंवा एका समाजानं वसवलेलं नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं 1702 च्या सुमाराला ते वसवलं, मग भोसले आले, मग इंग्रजांनी मध्य प्रांताची राजधानी इथं केली, कापडाच्या मिला आल्या, बंगाल नागपूर रेल्वे आली, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, आणि जो जो आला त्यानं आपापल्या वस्तीत आपली चूल मांडली. 1956 पर्यंत तर आपण मध्य प्रदेशची राजधानी होतो, म्हणून आजही इथला मराठी माणूस ऑटोवाल्याशी हिंदीत सुरू होतो आणि मराठीत संपवतो. ताटातही तेच आहे. म्हणून मला जो कोणी विचारते त्याला मी हॉटेलचं नाव सांगतच नाही आधी, मी विचारतो की तू कोणत्या भागात आहेस आणि किती वाजता भूक लागून राहिली आहे. नागपुरात या दोन गोष्टी जमल्या की बाकी सगळं आपोआप जमते.

सकाळपासून सुरू करू. सकाळ म्हणजे तर्री पोहे, यात दुसरं मत नाही. पुण्या-मुंबईचे पोहे वेगळे, तिथं पोह्यावर ओलं खोबरं पडते, आपल्याकडे पोह्यावर हरभऱ्याचा लालभडक रस्सा पडते. पोहे मुद्दाम साधे ठेवलेले असतात, हळद, कांदा, मोहरी, कढीपत्ता, बस, कारण खरी चव वरून येणार आहे. रस्सा लहान गावरान हरभऱ्याचा, रात्रभर भिजवून शिजवलेला, कांदा-लसूण-आलं आणि गरम मसाल्याचं वाटण, आणि त्यावर जो तेलाचा लाल थर तरंगते ती तर्री. मग वरून कच्चा कांदा, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, शेव, लिंबाची फोड. चांगला पोहेवाला कसा ओळखायचा तर तो आधी विचारते की तर्री किती, आणि रस्सा ओतताना हरभरे खाली आणि तेल वर असं दोन वेळा वाटी फिरवते, एकदम सगळं उलटं करत नाही. पोहे ओले व्हायला पाहिजे पण त्यांचा लगदा नाही झाला पाहिजे, म्हणून ते मिळाल्या मिळाल्या उभ्या उभ्या खायचे. पार्सल नेऊन घरी खाल्ले तर तर्री वेगळी बांधून मागा, नाहीतर घरी पोचेपर्यंत सगळी मजा जाते.

कस्तूरचंद पार्कच्या आसपासची तर्री पोह्याची गर्दी सगळ्यांना माहीत आहे, आता तर तिथं मेट्रोचं स्टेशनच आहे त्याच नावाचं, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाला ते सोपं पडते. पण माझं म्हणणं आहे की पोह्यासाठी लांब जाऊच नका. तुम्ही जिथं उतरला आहात तिथून चालत निघा, चौकात जिथं ऑफिसला जाणारे, पेपरवाले, दवाखान्यात नातेवाईकाला भेटायला आलेले आणि कॉलेजची पोरं असे सगळे एकाच ठेल्याभोवती उभे आहेत तिथं थांबा. हा ठेला आठला भरात असते आणि साडेदहा-अकरानंतर हरभरा तळाला गेलेला असते, त्यावेळी जाऊन कुरकुर करायची नाही. त्याच ठेल्यावर आलूबोंडाही असते, तो फोडून त्यावर तीच तर्री घ्यायची, काही ठिकाणी कढीसुद्धा देतात, आणि मूंगवडे असले तर तळलेल्या मिरच्या मागून घ्यायच्या. समोशालाही तर्री चालते. नागपूरकराला तर्री कशावरही चालते, आणि मला यात काही वावगं दिसत नाही, कारण पहाटे कामाला निघालेल्या माणसाला कमी पैशात पोटभर आणि गरम असं यापेक्षा चांगलं काही मी कुठल्याच शहरात पाहिलं नाही.

आता सावजी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुकीचं यावरच बोलल्या जाते.

हल्ली व्हिडिओवाले येतात, कॅमेरा लावतात, एक घास घेतात, डोळ्यांतून पाणी काढतात, कानातून धूर निघाल्याची अॅक्टिंग करतात आणि जातात. म्हणजे सावजी म्हणजे तिखट खायची शर्यत असं चित्र झालं आहे. अहो, ते एका समाजाच्या घरातलं जेवण आहे. हलबा कोष्टी समाज, पिढ्यान् पिढ्या विणकाम करणारा, इतवारी, तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक, महाल या जुन्या भागांत हातमागावर लुगडी विणणारा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, म्हणजे टाटांची ही मिल नागपुरात उभी राहिली हे आजच्या पोरांना सांगावं लागते, आणि मग मॉडेल मिलही आली. जुनं नागपूर मागावर आणि मिलच्या भोंग्यावर चालायचं. दिवसभर मागावर बसून पाय आणि हात चालवणाऱ्या माणसाच्या ताटात जे लागते ते सावजीच्या ताटात आहे, घट्ट रस्सा, भरपूर तेल, आणि जनावराचा एकही भाग वाया न घालवता शिजवलेला. आज मिलच्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे, तिथं फूड कोर्टमध्ये पिझ्झा मिळते, आणि मिलच्या माणसांचं जेवण मात्र अजून तिथून थोड्या अंतरावरच्या गल्ल्यांमध्येच मिळते.

सावजी रस्सा काळा काऊन असते? कारण मसाला भाजलेला असते, नीट, मंद आचेवर, एकेक जिन्नस वेगळा. धने, जिरे, शहाजिरे, काळी मिरी, लवंग, कलमी म्हणजे दालचिनी, तेजपान, मोठी विलायची, जायपत्री, दगडफूल, खसखस आणि सुकं खोबरं. दगडफूल आणि सुकं खोबरं नीट भाजल्या गेलं नाही तर सावजी होतच नाही, नुसतं तिखट मटण होते. पूर्वी जवसाच्या तेलात करायचे, त्याचा एक वेगळाच वास, थोडा कडवट, थोडा मातीचा, आता बहुतेक ठिकाणी ते तेल गेलं. रस्सा दाट करायला जवारीचं पीठ लावतात. म्हणजे जो तिखटपणा आहे तो फक्त मिरचीचा नाही, मिरी आणि लवंगेचा आहे, तो जिभेच्या टोकावर नाही तर घशात आणि छातीत जाणवते आणि हळूहळू चढते. म्हणून घाईघाईत खाणाऱ्याला त्रास होते. हळू खा, चपाती किंवा भाकर रश्श्यात बुडवून खा, मध्ये कांदा-लिंबू घ्या, आणि पहिल्याच घासाला पाणी पिऊ नका, भाताचे दोन घास घ्या.

काय मागायचं? मटण तर आहेच, पण ज्याला जमते त्यानं खूर मागावे. रात्रभर शिजलेले खूर, तो चिकट रस्सा, हिवाळ्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कलेजी, वजरी, हे सगळं जुन्या भोजनालयात मिळते आणि लवकर संपते. अंडाकरी ही सावजीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, पहिल्यांदा खाणाऱ्याला मी तीच सांगतो, कारण त्यात रश्श्याची चव नीट कळते. आणि शाकाहारी माणसानं सावजीला घाबरून दूर राहू नये! पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या त्याच काळ्या रश्श्यात, डाळकांदा, शेवभाजी, हे सावजीचे पदार्थ आहेत आणि माझ्या मते चांगल्या भोजनालयाची परीक्षा पाटोडी रश्श्यात होते, मटणाला स्वतःची चव असते, पाटोडीला मसाल्याशिवाय काहीच आधार नाही.

कुठं जायचं म्हणाल तर सावजीची पाटी आता वर्धा रोडच्या ढाब्यापासून पुण्याच्या हॉटेलापर्यंत सगळीकडे आहे, त्यातले काही ठीक असतात, काहींनी फक्त नाव घेतलेलं असते. मी मात्र नेहमी जुन्या वस्तीतच पाठवतो, गोळीबार चौक, तांडापेठ, महाल, सक्करदरा. ही भोजनालयं दिसायला साधी, बाकडी, स्टीलची ताटं, भिंतीवर दरपत्रक, आणि बऱ्याच ठिकाणी मागच्या खोलीत घरच्याच बाया स्वयंपाक करून राहिलेल्या असतात. तिथं गेलं की मोठ्यानं ऑर्डर सोडू नये, बसावं, काय आहे काका असं विचारावं, ते जे आज चांगलं झालं आहे तेच सांगतात. कुटुंब घेऊन जायचं तर दुपारी जा, काही ठिकाणी संध्याकाळनंतर दारूवाल्यांची गर्दी असते, ही गोष्ट कोणी सांगत नाही पण बाहेरून आलेल्या बायकांना आणि पोरांना हे माहीत असलं पाहिजे. काही नवी सावजी हॉटेलं स्वच्छ, एसी, फॅमिलीची वेगळी बसायची सोय असलेली निघाली आहेत, तिथं चव थोडी मवाळ असते पण आईबाबांना घेऊन जायला उत्तम, मी त्यांना नावं ठेवणार नाही. घरच्या बायांनी चालवलेला मसाल्याचा धंदा त्यातून वाढला, पुडे विकल्या जातात, त्यात चार घरं चालतात, हे चांगलंच आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरात जाऊन बघा. सकाळी लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात, मारबत म्हणजे इडापिडा घालवायला काढलेल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि दुपारी घराघरातून मटणाचा वास येते. त्या दिवशी भोजनालयात जागा मिळायची नाही, पण ज्याच्या घरी बोलावणं आहे त्यानं ते सोडू नये.

सावजीसोबत आता लंबी रोटी सगळीकडे मागतात, तिचंही थोडं सांगतो. लोकवन गव्हाचं पीठ, मीठ, पाणी, एवढंच, पण ते इतकं सैल भिजवतात आणि इतका वेळ आपटतात की त्याला रबरासारखा ताण येते. मग ती बाई तो गोळा हातावर घेते, एका हातावरून दुसऱ्या हातावर खेळवत खेळवत कोपरापर्यंत लांब करते आणि उलट्या ठेवलेल्या मडक्यावर टाकते, खाली लाकडाचा जाळ. काही सेकंदांत रोटी तयार, पातळ, रुमालासारखी, कडेला थोडी करपलेली. हे काम बहुतेक बायाच करतात, लग्नाच्या आणि मोठ्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात, आणि मे महिन्यात जेव्हा नागपूरचा पारा 45 च्या वर जाते तेव्हाही त्या जाळासमोर उभ्या असतात. त्यांच्या हाताचं कसब कुठल्याही मोठ्या हॉटेलच्या शेफपेक्षा कमी नाही, पैसा मात्र कमी मिळते, म्हणून रोटी घेताना भाव करू नका.

इतवारीबद्दल. इतवारी म्हणजे सराफा, मस्कासाथ, किराणा, मिरची, तांदूळ, आणि मारवाडी-गुजराती व्यापारी. इथलं खाणं दुकानदाराच्या वेळेवर चालते, सकाळी दुकान उघडायच्या आधी कचोरी आणि जिलबी, दुपारी डबा, संध्याकाळी चाट. मसाला घ्यायचा असेल तर मस्कासाथच्या बाजूला फिरा, आपल्याच जिल्ह्यातली भिवापुरी मिरची विचारा, तिला जीआय मानांकन आहे, म्हणजे याच भागाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद, आणि तिच्यात रंग आणि तिखटपणा दोन्ही. मेट्रोनं चितार ओळीला किंवा अग्रसेन चौकात उतरलं की पायी सगळं होते, गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यात जिलबी संपते.

याच व्यापारी परंपरेतून हल्दीराम मोठं झालं. मूळ बिकानेरचं, गंगाबिशन अग्रवाल यांनी 1937 मध्ये भुजियाचं दुकान काढलं, त्यांना घरी हल्दीराम म्हणायचे. त्यांचे नातू शिवकिसन अग्रवाल नागपुरात आले आणि इथून हा धंदा एवढा वाढवला की आज नागपूरच्या माणसाला ते आपलंच वाटते. संत्रा बर्फी त्यांचीच प्रसिद्ध झाली. बर्फी चांगली आहे, गावी जाताना मीही नेतो, पण फक्त बर्फी घेऊन जाणाऱ्याला नागपूरचं संत्रं काय आहे ते कळत नाही, त्यावर शेवटी येतो. गोडाचाच विषय निघाला आहे तर दिनशॉज. राणा या पारशी कुटुंबानं 1932 मध्ये गिट्टीखदान भागात दुधाचा धंदा सुरू केला, मग आइस्क्रीम. नागपुरातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारा, उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री जेवण झाल्यावर बाबा स्कूटरवर बसवून कुठं न्यायचे, उत्तर हेच येईल. मोठमोठ्या परदेशी कंपन्या आल्या तरी ते टिकलं, मला त्याचा अभिमान आहे.

सदरचं वातावरण एकदम निराळं. जुनी चर्च, शाळा, माउंट रोड, जुनी हॉटेलं, चायनीज, बेकऱ्या. रस्ते मोठे, झाडं आहेत, आणि इथं बसून खायची पद्धत आहे, महालसारखी उभ्यानं नाही. इंडियन कॉफी हाऊस मला सदरचंच आठवते, पांढऱ्या कपड्यातले आणि डोक्यावर फेटा असलेले वाढपी, डोसा, आणि तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही. ही कॉफी हाऊसं म्हणजे कामगारांची सहकारी संस्था आहे, कॉफी बोर्डानं पन्नासच्या दशकात आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनीच ती चालवायला घेतली. अशा जागी चहा-कॉफीपेक्षा गप्पा जास्त होतात, आणि नागपुरात गप्पांना जागा कमी होत चालल्या आहेत. धरमपेठेत अजून कॉफी हाऊस चौक आहे, संध्याकाळी तिथून शंकरनगरकडे चालत गेलं की पाणीपुरी, सँडविच, मोमो, सगळं तरुण पोरापोरींचं खाणं दिसते, ते मी थोडक्यात उरकतो, कारण हे सगळं आता प्रत्येक शहरात आहे.

सदरलाच डॉली चायवाला. 2024 च्या फेब्रुवारीत बिल गेट्ससोबतचा त्याचा व्हिडिओ आला आणि तो सगळ्या जगाला माहीत झाला, तो व्हिडिओ हैदराबादचा होता पण टपरी आपल्या सदरची. काही लोक त्याला नाकं मुरडतात, मला ते आवडत नाही. रस्त्यावर चहा विकणारा एक पोरगा हात उंच करून, स्वतःच्या ढंगात, न कंटाळता दूध ओतते आणि लोक आनंदानं बघतात, यात कोणाचं काय गेलं? चहा घ्या, फोटो काढा, पुढच्याला जागा द्या.

मोमिनपुरा रमजानमध्ये. बाकी वर्षभरही तिथं बिर्याणी चांगलीच मिळते, पण रमजानच्या रात्री तो रस्ता वेगळाच होते. इफ्तारनंतर दिवे, सीक कबाब, निहारी, फिरनीच्या मातीच्या वाट्या, खजूर, शेवया, आणि रात्री उशिरापर्यंत लहान पोरं आईचा हात धरून फिरत असतात. आम्ही मित्र दरवर्षी जातो, कोणाचंही नाव-गाव न विचारता बसायला जागा देतात, ताट पुढं सरकवतात. तिथं पोट रिकामं घेऊन जावं आणि एका जागी सगळं खाऊ नये, इथं कबाब, तिथं बिर्याणी, पुढं फिरनी. गर्दी असते, गाडी लांब लावा.

जरीपटक्याला रविवारी सकाळी जा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं या भागात स्थिरावली आणि त्यांनी दाल पकवान नागपूरला दिलं. मैद्याचा कडक, मोठा, तळलेला पकवान, त्यासोबत घट्ट चणा डाळ, वरून चिंचेची आणि हिरवी चटणी, बारीक कांदा. पकवान तोडून डाळीत बुडवायचा, चमचा मागायचा नाही. घर-दार सोडून आलेल्या माणसांनी पहिल्या पिढीत छोटी छोटी दुकानं आणि ठेले टाकून संसार उभे केले, हे त्या रस्त्यानं चालताना लक्षात ठेवावं. घरी कोणी सिंधी मित्र असेल तर त्याच्याकडून सिंधी कढी-भाताचं आमंत्रण घ्या, भाज्या घातलेली बेसनाची कढी, ती हॉटेलात तशी नाही मिळत. मेट्रोनं इंदोरा चौक स्टेशन जवळ पडते.

आता ज्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटते ते, म्हणजे आपलं घरचं वऱ्हाडी-नागपुरी जेवण हॉटेलात फार कमी दिसते. वडाभात घ्या. मोठ, मूग, तूर, चणा, उडीद अशा डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, वडे तळायचे, गरम भातावर कुस्करायचे आणि त्यावर हिंग, मोहरी, सुकी लाल मिरची घातलेली तेलाची फोडणी ओतायची, बाजूला कढी. गोळाभात तसाच, भरड बेसनाचे गोळे भातातच वाफवलेले. हिवाळ्यात सांबार स्वस्त झाला की सांबारवडी, भरपूर सांबार, खसखस, सुकं खोबरं, तिखट, आतल्या बाजूला चिंच आणि मसाल्याचा हात फिरवलेला, आणि तळून वर कढी. ही आमच्या आईच्या हातची आणि मला अजून बाहेर कुठं तशी नाही मिळाली. काही नमकीनच्या दुकानांत डिसेंबर-जानेवारीत सांबारवडी सकाळी येते, दुपारपर्यंत संपते, दिसली की घ्या. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, आणि वांग्याची भाजी खायची तर शेतातल्या पार्टीचं बोलावणं पाहिजे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, पत्रावळीवर पंगत. शहरात त्याची नक्कल होते, पण गोवऱ्यांचा वास कुठून आणणार.

या बाबतीत विष्णू मनोहर यांनी जे केलं ते मोठं आहे. नागपूरचा शेफ, विष्णूजी की रसोई नावाचं हॉटेल काढलं, आणि वैदर्भी पदार्थ टेबलावर आणले, टीव्हीवर आणले. 2017 मध्ये त्यांनी नागपुरातच सलग 50 तासांपेक्षा जास्त वेळ स्वयंपाक करायचा विक्रम केला, तेव्हा रात्री-बेरात्री लोक बघायला जायचे, क्रिकेट मॅचला जावं तसे. आईबाबांचा वाढदिवस असला आणि त्यांना पनीर-नान नको असलं की तिथं न्यायचं, पुरणपोळी आणि झुणका एकाच जेवणात होते, म्हातारी माणसं खुश. मला वाटते अशी आणखी चार हॉटेलं नागपुरात निघाली पाहिजेत, लहान का असेना, आणि बचत गटाच्या बायांनी चालवलेली असली तर फारच चांगलं, कारण हे पदार्थ त्यांनाच येतात.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असते तेव्हा सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धंतोलीच्या हॉटेलांत टेबल मिळत नाही, सगळ्या महाराष्ट्रातले आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चेकरी आलेले असतात, आणि त्यांच्यातले अर्धे सावजी शोधत असतात. अशा वेळी नागपूरकरानं जुन्या शहरात दुपारी बाराच्या आत जेवून घ्यावं.

आणि एक जेवण असं आहे ज्याचे पैसे कोणी घेत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तेव्हापासून दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो माणसं नागपुरात येतात, रेल्वेनं, बसनं, ट्रकनं, काही तर पायी. त्या दिवसांत लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनी, बजाजनगरच्या रस्त्यांवर संस्था, कर्मचारी संघटना, मोहल्ल्यातली मंडळं मांडव टाकून मसालेभात, पुरी-भाजी, बुंदी, पाणी वाटतात. जालन्याची आजी, आंध्रातला शेतकरी, मुंबईचा कॉलेजचा मुलगा एका रांगेत पत्रावळी घेऊन उभे असतात. नागपुरातलं सगळ्यात मोठं जेवण कोणतं असं मला विचाराल तर मी हेच सांगीन. ज्या शहरात बाबासाहेबांच्या आधी कितीतरी माणसांना एका पंगतीत बसू दिल्या जात नव्हतं तिथं ही पंगत दरवर्षी बसते, म्हणून तिथं फक्त जेवायला जाऊ नका, सकाळी दोन तास वाढायला उभे रहा, वाढप्यांची नेहमी गरज असते, कोणीही हातात झारा देते.

संत्र्याचं राहिलं. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला जीआय मिळालं, पण बाहेरगावचे लोक कुठल्याही महिन्यात येतात आणि संत्रं मागतात. संत्र्याचे दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, असतात. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, त्यात थोडी आंबट धार, आणि मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते गोड. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडून माल येते, कळमना मार्केटला सकाळी ढीग लागतात. घेताना एकदम चकचकीत आणि घट्ट सालीचं घेऊ नका, साल थोडी सैल, हातात जड, आणि देठापाशी हिरवट असलं तरी चालते, रंगावर जाऊ नका, आपल्या संत्र्याचा रंग हिरवा-पिवळा असतानाही ते आतून पिकलेलं असते. ठेलेवाल्याला एक फोडून दाखव म्हणायचं, तो दाखवते. पेटी न्यायची असेल तर रेल्वे स्टेशनच्या बाहेर घाईत घेण्यापेक्षा आदल्या दिवशी कळमन्याला किंवा कॉटन मार्केटला घ्या, आणि पेटीच्या खालच्या थरात हात घालून बघा. माझं म्हणाल तर मृगाचं संत्रं खायला फेब्रुवारीच्या शेवटी या, तेव्हा ऊन अजून तापलेलं नसते, दिवसभर पायी हिंडता येते, आणि खूर सोडून वर लिहिलेलं जवळजवळ सगळं त्या दिवसांत चांगलं मिळते.